अकरावीतून मानसशास्त्र काढू नका: संस्थाचालकांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव आणि संचालक मंडळ,
मा. प्राचार्य, कनिष्ठ महाविद्यालय विभाग

सप्रेम नमस्कार.

येत्या वर्षापासून अकरावी कला शाखेला मानसशास्त्र हा विषय राहणार नाही, अशी सूचना कॉलेजच्या फलकावर लागली आहे. कारणे दोन दिली आहेत. विद्यार्थिसंख्या पुरेशी नाही, आणि स्पर्धा परीक्षांच्या दृष्टीने विषयाचा उपयोग नाही. मोकळ्या होणाऱ्या तासिका टेस्ट सिरीजला देणार, असेही त्यात लिहिले आहे. हा निर्णय मला मान्य नाही. मी रीतसर अर्ज दिला होता, त्याला उत्तर आले नाही. म्हणून हे सगळ्या पालकांसमोर लिहीत आहे. कॉलेजचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही. भांडण एका इमारतीशी नाही. दुसऱ्या गावातली एखादी संस्था असाच विचार करत असेल, तर तिनेही हे वाचावे.

माझा यात काय संबंध, ते आधी सांगते. नोकरीची सगळी वर्षे मी याच भागात कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवले. आता निवृत्त आहे, त्यामुळे हा विषय राहिला काय आणि गेला काय, माझ्या पेन्शनमध्ये फरक पडत नाही. पण माझी नात यंदा दहावी झाली आणि तिला हा विषय घ्यायचा आहे. तिच्यासारख्या मुलींना त्यासाठी रोज जिल्ह्याच्या गावी जावे लागेल, आणि बहुतेक घरांतून तशी परवानगी मिळणार नाही. दुसरे म्हणजे, माझे जुने विद्यार्थी आजही भेटतात. कुणी पोलिसात आहे, कुणी अंगणवाडीत, कुणी कारखान्याच्या गेटवर काट्यावर बसते. ते बाईंना पुस्तकातल्या व्याख्या सांगत नाहीत. वर्गात केलेला एखादा प्रयोग अजून कसा उपयोगी पडतो, ते सांगतात.

म्हणून माझा पहिला आणि सगळ्यात मोठा आक्षेप ‘उपयोग नाही’ या वाक्यावर आहे.

आपल्या मुलांचा दिवस आपण पाहता. पहाटे मैदानावर भरतीचा सराव, मग एसटीने कॉलेज, दुपारी अभ्यासिका, रात्री मोबाइल. पोलीस भरती, तलाठी भरती, पुढे जमले तर एमपीएससी. या प्रत्येक परीक्षेत वाचलेले लक्षात राहावे लागते. ते लक्षात कसे राहते, हे शिकवणारा कॉलेजातला एकमेव विषय आपण बंद करत आहात.

हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्वतःवरच केलेले स्मरणाचे प्रयोग १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. अर्थ नसलेल्या अक्षरजोड्या पाठ करायच्या, मध्ये वेळ जाऊ द्यायचा, आणि त्याच पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचले ते मोजायचे. तासाभरानंतर ही बचत निम्म्याच्या खाली गेली होती, दिवसानंतर एक तृतीयांशावर आली. पुढे मात्र घसरण मंदावली. महिन्यानंतरही साधारण एक पंचमांश शिल्लक होती. हा प्रयोग आम्ही वर्गात करायचो. ‘मिप’, ‘झेक’, ‘ढेस’ अशा जोड्या मुले स्वतः तयार करत. कुणाच्या घरच्या बोलीत एखादीला अर्थ निघाला, की ती बाद. लमाणी बोलणारी मुले या कामात सगळ्यात दक्ष असत. मग आज पाठ केलेले उद्या किती उरते, आठवड्याने किती उरते, हे प्रत्येक जण आपापल्या वहीत आलेखावर काढी. स्वतःचाच आलेख पहिल्या दिवशी कोसळलेला पाहिला, की ‘माझ्या डोक्यात राहतच नाही’ ही तक्रार करणाऱ्या मुलाला पहिल्यांदा कळते, की हे सगळ्यांचेच होते आणि त्यावर उपाय आहे. उजळणी परीक्षेच्या आदल्या रात्री एकदम करण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग पंधरवड्याने करायची, हे त्याला मी सांगावे लागत नाही. आलेखच सांगतो.

त्यापुढची पायरी अधिक महत्त्वाची आहे. आपल्याकडे अभ्यास म्हणजे पुन्हा पुन्हा वाचणे. अभ्यासिकेत जाऊन पाहा, मुले पुस्तकात ओळीखाली रेघा मारत तेच पान चौथ्यांदा वाचताना दिसतील. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग याच सवयीबद्दल आहे. एका गटाने उतारा दोनदा वाचला. दुसऱ्या गटाने एकदा वाचला आणि मग न पाहता आठवेल ते कागदावर लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटले. पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवले आणि लिहून पाहणाऱ्यांना ५६. पुन्हा वाचल्यावर ‘आले मला’ असे वाटते ते पाच मिनिटांपुरते खरेही असते, आणि तिथेच मुले फसतात. परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

आपण टेस्ट सिरीज सुरू करत आहात. चाचण्यांना माझा विरोध मुळीच नाही, हे वरच्या प्रयोगावरून लक्षात येईल. पण चाचणी हे शिकण्याचे साधन आहे, हे मुलाला समजले तर तो घरीही कोऱ्या कागदावर स्वतःची चाचणी घेईल. ते समजावणारा तास काढून नुसती टेस्ट ठेवली, तर त्याच्या हाती फक्त गुण आणि क्रमांक उरतात.

आता मोबाइल. पालक सभेत दर वर्षी याच विषयावर सर्वाधिक वेळ जातो आणि दर वर्षी ठराव होतो, की मुलांना समज द्यावी. समज देऊन काय होते? बी. एफ. स्किनर यांनी कबुतरे आणि उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून दाखवले, की बक्षीस प्रत्येक वेळी न मिळता कधी मिळेल याचा नेम नसेल, तर प्राणी कळ दाबत राहतो आणि ही सवय सुटायला सर्वात कठीण जाते. रील्सची रचना तशीच आहे. दहा टाकाऊ, मग एक मनासारखा, मग पुन्हा पाच टाकाऊ. माझ्या वर्गातल्या एका मुलीने प्रकल्पासाठी आठवडाभर नोंद ठेवली. मोबाइल हातात घेतला त्याच्या लगेच आधी काय घडले होते, एवढेच लिहायचे. तिला आढळले, की बहुतेक वेळा गणिताचे किंवा इंग्रजीचे उदाहरण अडल्यावर तिचा हात मोबाइलकडे जात होता. म्हणजे उपाय मोबाइलवर करायचा नव्हता, अडलेल्या उदाहरणावर करायचा होता. तिने अडले की पुढे काय करायचे ते ठरवून टाकले: खूण करायची, पुढचे उदाहरण घ्यायचे, अडलेले सकाळी मैत्रिणीला विचारायचे. ‘असे झाले तर मी हे करीन’ अशी आधीच केलेली नेमकी योजना नुसत्या निश्चयापेक्षा जास्त पाळली जाते, हे पीटर गोलवित्झर यांच्या संशोधनातून पुढे आले आहे. सोळा वर्षांच्या मुलीला ओरडा मिळाला नाही, स्वतःच्या वागण्याकडे पाहण्याची रीत मिळाली.

परीक्षेबाहेरचे एक उदाहरण देते, कारण कॉलेजचे आयुष्य परीक्षेपुरते नसते. आपल्या एसटी स्टँडवर संध्याकाळच्या गाडीच्या वेळी मुलींना होणारा त्रास आपल्याला ठाऊक आहे. शंभर माणसे उभी असतात आणि कुणी पुढे येत नाही. मुली म्हणत, गावच वाईट आहे. जॉन डार्ली आणि बिब लाताने यांचा १९६८ चा प्रयोग आम्ही याच संदर्भात शिकायचो. पलीकडच्या खोलीतल्या माणसाला फिटचा झटका आल्याचा आवाज ऐकू येतो. ऐकणारा आपण एकटेच आहोत असे समजत असेल, तर झटका संपायच्या आत ८५ टक्के लोक मदतीला धावले. आपल्यासारखे आणखी चार जण ऐकत आहेत असे वाटत असेल, तर ३१ टक्केच. जबाबदारी वाटली गेली, की कुणाचीच राहत नाही. यातून वर्गातल्या मुलींनीच नियम काढला: गर्दीला हाक मारायची नाही, एकाला मारायची. ‘निळ्या शर्टवाले काका, इकडे या’, ‘कंडक्टर दादा, तुम्ही थांबा’. एका मुलीने ते केले आणि बोट दाखवलेला माणूस आला. तिने दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन हे सांगितले, तेव्हा मागच्या बाकावरची मुलेही ऐकत होती. त्यांनाही कळले, की आपण कडेला उभे राहतो तेव्हा काय करत असतो.

याला उपयोग म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे?

दुसरा आक्षेप संख्येबद्दल. विद्यार्थी कमी झाले हे खरे आहे, पण ते आपोआप कमी झाले नाहीत. पूर्वी मुले भूगोल आणि मानसशास्त्र दोन्ही घेत. नंतर विषयगट बदलले आणि हे दोन विषय एकमेकांना पर्याय म्हणून ठेवले गेले. ज्याला पुढे स्पर्धा परीक्षा द्यायची, तो भूगोल घेणारच. प्रवेशाच्या वेळी टेबलावर बसणारे ‘तो विषय बंद होणार आहे’ असे सांगतात, अशी तक्रार माझ्याकडे एकाहून अधिक पालकांनी केली. पद तासिका तत्त्वावर ठेवल्यामुळे वर्षाच्या मध्यात शिक्षक बदलले. हे सगळे करून झाल्यावर संख्या मोजणे न्यायाचे नाही. खर्चाचे कारण कुणी पुढे केले, तर तेही मला पटणार नाही. या विषयाला गॅस लागत नाही, रसायने लागत नाहीत. घड्याळ, कोरे कागद, पत्त्यांच्या आकाराचे पुठ्ठे आणि वर्गातली मुले एवढ्यावर बहुतेक प्रयोग होतात.

तिसरा आक्षेप, आपण त्याच्या जागी काय आणले याबद्दल. मागच्या वर्षी सभागृहात दोन कार्यक्रम झाले. एकात बाहेरच्या वक्त्याने मुलांना उभे करून घोषणा द्यायला लावल्या आणि इच्छाशक्ती असेल तर काहीही अशक्य नाही, असे सांगितले. दुसऱ्यात बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धी, स्वभाव आणि योग्य करिअर सांगणाऱ्यांना स्टॉल लावू दिला. पालकांनी त्यासाठी पैसे भरले, त्यात ऊसतोडीची उचल घेतलेली घरेही होती. बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता किंवा स्वभाव कळतो, याला विज्ञानाचा आधार नाही. ठसे गर्भातच तयार होतात आणि जन्मभर तसेच राहतात. मूल काय शिकेल, कशात रमेल, हे त्यांत लिहिलेले नसते. बुद्धिमापन चाचणी कशी तयार होते, तिची विश्वसनीयता (पुन्हा घेतली तरी निकाल सारखाच येणे) आणि यथार्थता (जे मोजायचे तेच मोजले जाणे) म्हणजे काय, हे बारावीच्या मुलाला आम्ही शिकवतो. ज्या मुलाने ते शिकले आहे, तो घरी जाऊन वडिलांना सांगू शकतो की पैसे देऊ नका. या मुलांना प्रश्न विचारायला शिकवणारा विषय जात आहे आणि त्यांना उत्तरे विकणारे येत आहेत. शिक्षिका म्हणून मला याचा संताप येतो, आणि तो मी लपवत नाही.

चौथी गोष्ट सर्वात गंभीर आहे.

अकरावीच्या तुकड्या आपण दहावीच्या टक्क्यांनुसार पाडता. टेस्टचे गुण नावानिशी फलकावर लावता. कला शाखेची शेवटची तुकडी स्वतःची ओळख कशी करून देते, ते एकदा ऐका. ‘आम्ही ढ तुकडी’ असे ती मुले म्हणतात. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ मध्ये कुत्र्यांवर प्रयोग केले. ज्या कुत्र्यांना काहीही केले तरी विजेचा झटका टाळता आला नव्हता, त्यांपैकी बरेच पुढे सुटकेची वाट मोकळी असतानाही बसून राहिले. पाठ्यपुस्तकांतून हे पुष्कळदा एवढ्यावरच सोडले जाते. पण याच दोघांनी २०१६ मध्ये, मेंदूविषयीचे नवे संशोधन हाती आल्यावर, आपला जुना अर्थ दुरुस्त केला. त्यांनी लिहिले, की लांबलेल्या त्रासापुढे गप्प बसणे ही शिकलेली गोष्ट नाही, ती मूळ प्रतिक्रियाच आहे. शिकावे लागते ते नियंत्रण. माझ्या मते शिक्षकासाठी या विषयातले हे सर्वात मोलाचे ज्ञान आहे. ‘ढ तुकडी’तल्या मुलाला आपल्या हातात काही आहे, हा अनुभव कुणीतरी मुद्दाम द्यावा लागतो. छोटा प्रश्न सोडवून, स्वतःचा आलेख काढून, मागच्या आठवड्यापेक्षा दोन शब्द जास्त आठवून तो मिळतो. फलकावर शेवटचा क्रमांक वाचून तो मिळत नाही.

आणि हा आता केवळ माझ्या मताचा प्रश्न राहिलेला नाही. विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी देशातील सर्व शैक्षणिक संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक आहेत. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा आहे. गुणांवरून तुकड्या पाडणे आणि सर्वांसमोर मानहानी करणे शक्य तितके टाळायचे आहे. कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायचे आहे, आणि मदतीचे क्रमांक ठळकपणे लावायचे आहेत. आपल्या कॉलेजात शंभरापेक्षा कितीतरी जास्त मुले आहेत. समुपदेशक नाही. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक कॉलेजात किंवा वसतिगृहात मला कुठेही लावलेला दिसला नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे, आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वाधिक आहे. अकरावीचा एक विषय हे थांबवील, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे खोटे ठरेल. प्राथमिक मानसशास्त्र म्हणजे उपचार नव्हेत. वर्गात मी पहिल्या आठवड्यातच सांगायची, की पुस्तकात विकारांची लक्षणे वाचून मैत्रिणीला ‘तुला डिप्रेशन आहे’ म्हणायचे नाही आणि स्वतःलाही लेबल लावायचे नाही. पण दोन-दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, बोलणे तुटले, असे दिसले तर ‘नाटकं करते’ म्हणायचे नाही, मोठ्या माणसाला सांगायचे आणि एकटे सोडायचे नाही, हेही त्याच वर्गात शिकवले जाते. ज्या वसतिगृहात रेक्टर एक आणि मुले साठ, तिथे ही गोष्ट पहिल्यांदा शेजारच्या कॉटवरच्या मुलाच्याच लक्षात येणार आहे. त्याला ती ओळखता आली पाहिजे, आणि ओळखल्यावर पाठवायला कॉलेजात माणूस असला पाहिजे. आज दोन्ही नाही.

प्राचार्य सर, आपण स्वतः उत्तम शिक्षक आहात आणि निकालाचे दडपण आपल्यावर वरून येते, हे मी जाणते. संचालक मंडळात शेतकरी आहेत, डॉक्टर आहेत, याच कॉलेजचे माजी विद्यार्थी आहेत. म्हणून अपेक्षेने मागण्या मांडते.

१. अकरावी कला शाखेत मानसशास्त्र याच प्रवेशफेरीपासून पूर्ववत द्यावे, आणि भूगोल व मानसशास्त्र दोन्ही घेता येतील असा विषयगट ठेवावा.

२. विज्ञान आणि वाणिज्य शाखेसह सर्व अकरावीला आठवड्यातून एक तास अभ्यासाच्या पद्धती, स्मरण, झोप, ताण आणि मोबाइलच्या सवयी यांसाठी द्यावा. तो पात्र शिक्षकानेच घ्यावा. पहिले सत्र मी विनामोबदला घ्यायला तयार आहे, मात्र माझ्या नावावर पद टाळले जाऊ नये.

३. पात्र समुपदेशक नेमावा. त्याला बंद दरवाजाची खोली द्यावी, कारण स्टाफरूमच्या कोपऱ्यात कुठलीही मुलगी मन मोकळे करणार नाही.

४. टक्क्यांवरून तुकड्या पाडणे आणि नावानिशी गुण फलकावर लावणे थांबवावे. प्रत्येकाला त्याचे गुण त्याच्या हाती द्यावेत.

५. ठशांवरून बुद्धी सांगणाऱ्या किंवा तत्सम चाचण्यांना कॉलेजच्या आवारात परवानगी देऊ नये. मागच्या वर्षी पालकांनी भरलेले पैसे परत मिळवून देण्यासाठी संस्थेने संबंधितांना लेखी कळवावे.

६. १४४१६ हा क्रमांक वसतिगृह, वाचनालय आणि मुलींच्या कॉमन रूममध्ये उद्याच लावावा. याला ठराव लागत नाही, खर्चही नाही.

पालकांना विनंती, की प्रवेशाच्या वेळी ‘मानसशास्त्र बंद आहे’ असे तोंडी उत्तर मिळाले तर ते लेखी मागा. माजी विद्यार्थ्यांना विनंती, की हा विषय तुम्हाला कुठे उपयोगी पडला ते चार ओळींत लिहून प्राचार्यांकडे द्या, खाली नाव आणि बॅचचे वर्ष घाला.

संचालक मंडळाच्या येत्या सभेत हा विषय पटलावर घ्यावा आणि मला बोलावावे. मी एबिंगहाउसच्या प्रयोगाच्या मुलांनी भरलेल्या वह्या घेऊन येईन. लेखी उत्तर प्रवेशफेरी संपण्यापूर्वी मिळावे, कारण त्यानंतर मिळालेल्या उत्तराचा या वर्षीच्या मुलांना काहीच फायदा नाही.

आपली,
एक निवृत्त मानसशास्त्र शिक्षिका